जयंतीला चरित्र वाचताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, मुलगा दहाचा. थोरांच्या जयंतीला दोघांना एकत्र बसवून चरित्र वाचून दाखवतो. तिसऱ्या पानाला मुलगी उठून जाते आणि मुलाला सगळं 'लहान मुलांचं' वाटतं. किती वाचावं? — एक पालक

उत्तर : अडचण वयातल्या अंतराची कमी आणि पहिल्या पानाची जास्त आहे. मुलांसाठीची बहुतेक चरित्रं जन्मगाव, आईवडिलांची नावं, मूळ आडनाव, भावंडं किती इथूनच सुरू होतात. सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांपुढे यातलं काहीही उभं राहत नाही. ही पानं सरळ सोडा. जयंतीला अख्खं आयुष्य वाचायचं नसतं, एक प्रसंग वाचायचा असतो.

माप असं धरा. मोठ्यानं, सावकाश, थांबत वाचलं तर मिनिटाला साधारण 100 शब्द होतात. सहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं पुरतात, म्हणजे 500 शब्द. दहा वर्षांचं मूल बारा ते पंधरा मिनिटं बसतं, म्हणजे 1200 ते 1500 शब्द. दोघं एकत्र असतील तर प्रसंग धाकटीच्या मापानं निवडा. ती उठून गेली की थोरल्याला 'पुढे काय झालं' ते वाचून दाखवा.

12 नोव्हेंबर ही पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची जयंती (जन्म 1896). लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून तिचं नाव विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्ड नावाच्या सचिवांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्प्यांमागून कप्पे उघडून दाखवले. धाकटीसाठी इथेच थांबा. कप्पे तिच्या लक्षात राहतील. थोरल्याला विचारा, पक्ष्यांसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाची सुरुवात पक्षी मारण्यानं कशी झाली? मग पुस्तकाचं पुढचं पान तो स्वतःच उघडेल.

96 पानी पुस्तक जयंतीच्या दिवशी संपवायचा हट्ट धरू नये. आठ दिवस आधी सुरू करून रोज बारा पानं हा हिशेब कागदावर छान दिसतो, पण चौथ्या दिवशी तो गृहपाठ होतो. त्यापेक्षा जयंतीला प्रसंग वाचा आणि पुस्तक हाताशी येईल असं ठेवून द्या.

प्रश्न : वर्षभराची जयंत्यांची वही करायची आहे. नावं इतकी होतात की काय ठेवावं आणि काय गाळावं ते कळत नाही. — एक शिक्षिका

उत्तर : महिन्याला दोन, वर्षाला चोवीस. याच्या पुढे गेलात की वाचन मागे पडतं आणि हार-फोटो उरतात.

काही तारखांना गर्दीच असते. 12 जानेवारीला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद, 2 ऑक्टोबरला महात्मा गांधी आणि लालबहादूर शास्त्री, 7 नोव्हेंबरला मेरी क्युरी (1867) आणि सी. व्ही. रामन (1888), 12 फेब्रुवारीला तर चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन, दोघंही 1809 चे. अशा दिवशी दोघांना अर्धं अर्धं वाटून देऊ नका. एक या वर्षी, दुसरा पुढच्या वर्षी. शास्त्रीजींचा 2 ऑक्टोबर बहुतेक शाळांत दोन वाक्यांत उरकतो, तेव्हा एखाद्या वर्षी तो सबंध त्यांना द्यायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये 11 तारखेला महात्मा फुले, 14 ला डॉ. आंबेडकर, 18 ला महर्षी धोंडो केशव कर्वे, आणि नेमक्या त्याच वेळी परीक्षा. तिथे पाच मिनिटांचेच प्रसंग ठेवा.

वहीत होणारी नेहमीची चूक म्हणजे 'दिन' आणि 'जयंती' यांची सरमिसळ. 3 जानेवारी (सावित्रीबाई फुले), 27 फेब्रुवारी (कुसुमाग्रज), 29 ऑगस्ट (ध्यानचंद), 5 सप्टेंबर (राधाकृष्णन), 15 ऑक्टोबर (अब्दुल कलाम), 22 डिसेंबर (रामानुजन) हे दिवस जयंतीवरून ठरलेले आहेत. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन मात्र रामन यांचा जन्मदिवस नाही. 1928 साली त्या दिवशी 'रामन परिणाम' सापडला, म्हणून तो पाळतात. 1 ऑगस्टलाही असाच घोळ होतो. त्या दिवशी लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी असते आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती, आणि योगायोग असा की दोन्हींचं साल 1920 आहे. टिळकांची जयंती 23 जुलैला. फळ्यावर एका ओळीत दोन्ही नावं लिहिली की निम्मा वर्ग दोघांची जयंती धरतो.

मोरारजी देसाई यांना वहीत घेणार असाल तर त्यांचा जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा आहे. मुलांना आधी हे सांगा, चरित्र मग.

प्रश्न : दोन पुस्तकांत एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा आहेत. खरी कोणती? — एक ग्रंथपाल

उत्तर : दर वेळी ती छपाईची चूक नसते. कारण शोधलं तर तेच मुलांना सांगण्याजोगं निघतं.

न्यूटनची तारीख कुठे 25 डिसेंबर 1642 तर कुठे 4 जानेवारी 1643 दिसते. दोन्ही बरोबर आहेत. त्या वेळी इंग्लंडमध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होतं. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रांत 1627 हे साल सापडतं. आज शासकीय जयंती 19 फेब्रुवारी 1630 प्रमाणे होते, आणि तिथीनं पाळणारे फाल्गुन वद्य तृतीया धरतात. तिथीची इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते, म्हणून वहीत तिथीही लिहून ठेवा. रवींद्रनाथांचा जन्म 7 मे 1861 चा, पण बंगालात त्यांची जयंती पंचविशे बैशाखला, म्हणजे बंगाली वैशाखाच्या पंचविसाव्या दिवशी होते, ती बहुधा 8 किंवा 9 मे रोजी येते.

कल्पना चावला यांचा जन्म 17 मार्च 1962 चा, पण कागदोपत्री 1 जुलै 1961 होता. परीक्षेला बसता यावं म्हणून तारीख बदलली गेली होती. राणी लक्ष्मीबाईंच्या जन्मसालावर एकमत नाही, 1828 आणि 1835 अशी दोन्ही सालं छापलेली आढळतात. अशा ठिकाणी मुलांना 'याबद्दल मतभेद आहेत' असं स्पष्ट सांगावं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे वाक्य चांगलं पेलतं.

प्रश्न : लहानपणच्या गोष्टी खऱ्या किती आणि रचलेल्या किती, हे कसं ओळखायचं? — एक पालक

उत्तर : पहिला प्रश्न हा विचारा, की हे कोणी पाहिलं आणि कुठे लिहिलं? प्रसंग त्या माणसाच्या आत्मचरित्रात, पत्रात किंवा जवळच्या माणसाच्या आठवणीत असेल तर तो घ्यावा. 'असं सांगतात' एवढाच आधार असेल तर 'असं सांगतात' हे शब्द वाचतानाही उच्चारावेत. तेवढं पुरतं, गोष्ट फेकून द्यावी लागत नाही.

न्यूटनचं सफरचंद घ्या. बागेत सफरचंद पडताना पाहून विचार सुरू झाला, असं न्यूटननं म्हातारपणी स्टकली नावाच्या मित्राला सांगितलं आणि स्टकलीनं ते लिहून ठेवलं. डोक्यावर पडलं हे मागाहून चिकटलं. आइनस्टाइन गणितात नापास झाला, ही गोष्ट तर त्याच्या हयातीतच छापून आली आणि त्यानं ती खोडून काढली. पंधरा वर्षांचा होण्याआधीच त्याला कलनशास्त्र (कॅल्क्युलस) येत होतं. खरं एवढंच की सोळाव्या वर्षी झुरिकच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला, पण गणित आणि भौतिकशास्त्रात त्याचे गुण उत्तम होते, बाकीचे विषय आडवे आले. एडिसनच्या शाळेनं आईला चिठ्ठी लिहिली आणि आईनं ती खोटी वाचून दाखवली, ही मोबाइलवर फिरणारी गोष्ट वाचू नये. शाळा लवकर सुटली आणि आईनं घरी शिकवलं, एवढं खरं आहे आणि तेच पुरेसं आहे.

आता खात्रीचे प्रसंग पाहा. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे, की शाळेत जाइल्स नावाचे तपासनीस आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यातला 'केटल' गांधींचा चुकला. शिक्षकांनी बुटाच्या टोकानं खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवरून बघ म्हणून. त्यांना ते कळलंच नाही, आणि वर्गात चुकलेले ते एकटेच ठरले. कलामांनी लिहिलं आहे, की महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबायची बंद झाली आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून फेकले जात. ते गोळा करायला हात लागायचे, ते काम त्यांना मिळालं. या प्रसंगांत चमत्कार नाही, पण पाटी, बूट, गठ्ठा, रूळ अशा वस्तू आहेत, आणि लहान मुलांना आठवतात त्या वस्तूच. रचलेल्या गोष्टीत वस्तूंपेक्षा तात्पर्य मोठं असतं. शंका आली की हीही कसोटी लावून पाहा.

'पहिला' आणि 'पहिली' या शब्दांपाशी थोडं थांबा. डॉ. आनंदीबाई जोशी यांना पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हणतात, पण 1886 याच वर्षी बंगालच्या कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं. 'पहिल्यांपैकी एक' म्हटल्यानं आनंदीबाई लहान होत नाहीत.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला आनंदीबाईंचं चरित्र वाचताना बालविवाह, बाळाचा मृत्यू आणि त्यांचा स्वतःचा अकाली मृत्यू हे सगळं येतं. गाळावं का? — एक आई

उत्तर : गाळू नये, बेताचं करावं. नवव्या वर्षी लग्न झालं हे तिला सांगा, कारण ती स्वतः आठ वर्षांची आहे आणि 'माझ्याएवढी?' हा प्रश्न तिच्याकडून येणारच. बाळ दहा दिवसांत गेलं, हेही एका वाक्यात सांगायला हवं. त्यांनी वैद्यक का निवडलं, याचं कारण त्याला लागून आहे. ते काढलं तर अमेरिकेचा प्रवास म्हणजे नुसती हौस वाटते. बाळंतपणाचा तपशील आणि क्षयाचे शेवटचे महिने आता नकोत, ते बारा-तेराव्या वर्षी. आनंदीबाई बावीस वर्षांच्या होण्याआधीच गेल्या, हे सांगून लगेच पुस्तक मिटू नका. दोन-तीन मिनिटं बसा, प्रश्न येऊ द्या. झोपायच्या वेळी हे पुस्तक घेऊ नये.

अस्पृश्यतेबाबत पालक उलटी चूक करतात. 'त्यांना फार त्रास झाला' असं मोघम वाक्य वाचून पुढे जातात. मुलाला त्यातून काही कळत नाही. डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहिलेला 1901 चा प्रवास वाचा. नवे कपडे घालून मुलं वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणी आलं नाही, कारण आलेलं पत्र नोकरानं वडिलांना दिलंच नव्हतं. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाडं देऊन, आणि गाडी हाकायची मुलांनी, गाडीवान चालणार बाजूनं. वाटेत प्यायला पाणी नाही. भीमराव तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. हा प्रसंग वाचताना समजावून सांगायची गरजच पडत नाही. मध्ये स्वतःचं भाष्य घालू नका.

प्रश्न : दर वर्षी तीच नावं, तेच प्रसंग. मुलं म्हणतात, 'हे माहीत आहे.' — एक शिक्षक

उत्तर : त्यांचं खरं आहे. यावर दोन उपाय आहेत.

एक, माणूस तोच ठेवून वय बदला. 14 एप्रिलला पहिली-दुसरीला मसूरचा प्रवास. चौथी-पाचवीला 1913 सालची कोलंबिया विद्यापीठाची वाट आणि सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती. सातवीला 20 मार्च 1927 चं महाडचं चवदार तळं आणि मसुदा समितीचं काम. सातवीतल्या मुलाला पुन्हा लहानपण वाचून दाखवलं तर तो कंटाळणारच.

दुसरा उपाय नावं वाढवण्याचा. चोवीसमधली निम्मी नावं बायकांची असावीत, आणि राजकारणाबाहेरची असावीत. वनस्पतिशास्त्रातल्या जानकी अम्मल (4 नोव्हेंबर 1897), हवामानशास्त्रातल्या अॅना मणी (23 ऑगस्ट 1918), मानववंशशास्त्रातल्या इरावती कर्वे (15 डिसेंबर 1905), कुस्तीतले खाशाबा जाधव (15 जानेवारी 1926), सिनेमातले दादासाहेब फाळके (30 एप्रिल 1870). यांच्यावर मुलांची स्वतंत्र पुस्तकं मिळतीलच असं नाही. न मिळाल्यास मोठ्यांच्या चरित्रातलं एक प्रकरण घेऊन त्याचं 600 शब्दांचं वाचन तुम्हीच तयार करा. वाक्यं छोटी करा, प्रसंग बदलू नका आणि त्या माणसाच्या तोंडी स्वतःचे संवाद घालू नका. संवादांनी गोष्ट रंगते खरी, पण चार वर्षांनी तेच वाक्य कुणाच्या तरी भाषणात अवतरण म्हणून येतं.

प्रश्न : परिपाठात मुलं जयंतीचं भाषण पाठ करून येतात आणि मध्येच अडकतात. — एक मुख्याध्यापिका

उत्तर : भाषण लांब असतं आणि सालं एकामागून एक येतात, म्हणून अडकतात. दोन मिनिटं म्हणजे 200 शब्द, त्यात जास्तीत जास्त दोन सालं. 'यांचा जन्म अमुक साली अमुक गावी झाला' या वाक्यानं सुरुवात केली, की मूल पहिल्याच श्वासात आकड्यांशी झुंजायला लागतं. सुरुवात प्रसंगानं करून बघा, 'एका मुलाला पाच शब्द लिहायला सांगितले होते...' जन्मतारीख शेवटी येऊ दे. पाठ करण्याऐवजी चार शब्दांची चिठ्ठी हातात द्या : तपासनीस, पाटी, बूट, केटल. शब्द दिसला की पुढचं आठवतं.

एका परिपाठाला एकच वक्ता. पाच भाषणं झाली की मागच्या रांगा तिसऱ्यालाच पेंगायला लागतात, आणि पाचही जणांनी एकाच पुस्तकातून उतरवलेलं असतं.

प्रश्न : पुस्तक विकत घेताना काय बघावं? — एक पालक

उत्तर : मुखपृष्ठ सोडून मधलं पान उघडा. त्या पानावर 'महान', 'थोर', 'अद्वितीय', 'तेजस्वी' किती वेळा आले ते मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर ठेवून द्या. मग तीन गोष्टी शोधा. हा माणूस कुठे चुकला किंवा हरला ते दिलंय का? त्याला मदत करणाऱ्यांची नावं आहेत का? आणि तो नेमकं काय काम करत असे, हे वाचून कळतं का? शास्त्रज्ञाच्या चरित्रात शोध एका वाक्यात आणि सत्कार चार पानांत, असं पुष्कळदा असतं.

नव्यानं वाचू लागलेल्या मुलासाठी अक्षर 18 पॉइंटच्या आसपास हवं, नऊ वर्षांच्या पुढे 14 चालतं. ओळींमधली जागाही पाहा, देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडल्या की लहान मूल ओळ चुकतं. चित्रांत काळ तपासा, 1848 च्या शाळेत विजेचा दिवा टांगलेला दिसला तर चित्रकारानं पुस्तक वाचलेलं नाही. शेवटी सनावळी असेल तर उत्तम.

प्रश्न : हयात व्यक्तींचे वाढदिवस घ्यावेत का?

उत्तर : खेळाडू, गायक, शास्त्रज्ञ घ्यावेत. पण मग जयंती म्हणू नका, जयंती गेलेल्या माणसाची. आणि आवृत्तीचं साल पाहा, दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातले विक्रम आज मोडलेले असू शकतात.

प्रश्न : वाचून झाल्यावर चित्र रंगवण्यापलीकडे काय करता येईल? — एक शिक्षिका

उत्तर : त्या माणसाचं काम दहा मिनिटं करून पाहायचं. सगळ्यांचं जमत नाही, पण जमतं तिथे याला तोड नाही.

22 डिसेंबरला पाचवीच्या पुढच्या मुलांना 1729 हा आकडा द्या. आजारी रामानुजनना भेटायला इंग्रज गणितज्ञ हार्डी या क्रमांकाच्या टॅक्सीतून आले आणि आकडा अगदीच साधा आहे म्हणाले. रामानुजननी लगेच सांगितलं, दोन घनांच्या बेरजेनं दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येणारी ही सगळ्यांत लहान संख्या आहे. फळ्यावर 1 ते 12 चे घन लिहा आणि जोड्या मुलांना शोधू द्या. 1 आणि 1728 ही जोडी लवकर सापडते, 729 आणि 1000 ला वेळ लागतो. उत्तर सांगायची घाई करू नका.

4 जानेवारीला लुई ब्रेल (1809). तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात चामडं टोचायची आरी डोळ्याला लागली, पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षापर्यंत त्याची ठिपक्यांची लिपी तयार झाली होती. एका घरात सहा ठिपके : डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. भारतीय ब्रेलमध्ये 'क' म्हणजे 1 आणि 3, 'म' म्हणजे 1, 3, 4 आणि 'ल' म्हणजे 1, 2, 3. एवढ्यावर 'कमल' लिहून होतं. जाड कागद, खाली घडी घातलेलं फडकं आणि रिकामं बॉलपेन एवढं साहित्य पुरतं. टोकदार सुई नको, कागद फाटतो आणि उंचवटा येत नाही. ठिपका कागदाच्या मागून दाबायचा असल्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक घरही उलटं, म्हणजे 1, 2, 3 उजव्या बाजूला. निम्मी मुलं हे विसरतात आणि कागद पालटल्यावर 'कमल' उलटं उमटतं. उमटू द्या. मग कागद शेजाऱ्याला देऊन, डोळे मिटून, तर्जनीनं वाचायला सांगा.